पंक्तीचा पोशाख



‘परदेशातील मोठ्या उपाहारगृहांत जाताना प्रवाशाने काय नेसावे, काय घालावे’ हा आजचा विषय फलकावर वाचून पुष्कळांनी भुवया उंचावल्या असतील. काल याच जागी अर्थकारणावर व्याख्यान झाले, उद्या संतवाङ्मयावर होणार. मग मध्येच हा शिंप्याच्या दुकानातला विषय कुठून आला? परंतु कसब्यातल्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी आज परदेशी आहे. कोणाचा मुलगा, कोणाची नात, आणि त्यांच्याकडे निघालेले आपण. प्रवासी कंपन्यांच्या सहलींबरोबर बँकॉक-सिंगापूरला जाऊन येणे तर आता काशीयात्रेपेक्षा सोपे झाले आहे. तेव्हा विषय घरचाच आहे. आणि तो वाटतो तितका पोरकटही नाही, हे शेवटी आपणच मान्य कराल.

आमच्या आळीतील एका जोडप्याची हकिगत सांगून आरंभ करतो. निवृत्तीनंतर दोघे सहलीबरोबर बँकॉकला गेली. शेवटच्या संध्याकाळी एका उंच इमारतीच्या गच्चीवरील प्रसिद्ध बारमध्ये जायचे ठरले. आमच्या या मित्रांना मद्याचे वावडे. परंतु एवढ्या उंचीवरून शहराचे दिवे पाहत लिंबाचे सरबत प्यावे, एवढीच माफक इच्छा. अंगात गुडघ्याखाली संपणारी विजार, पायांत चामड्याच्या उत्तम चपला. वहिनींनी मात्र जाताना मुद्दाम साडी नेसली होती. दारावरच्या माणसाने दोन्ही हात जोडून नमस्कार केला, वहिनींना आदराने आत जाण्याची खूण केली आणि या गृहस्थांच्या पायांकडे बोट दाखवून नम्रपणे मान हलविली. दोघेही परत फिरली. पुढे महिनाभर येईल-जाईल त्याला ते एकच विचारीत : “अहो, पैसे मी देणार होतो. माझ्या पायांशी त्याला काय करायचे होते?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जेथे पैसे देऊन खायचे-प्यायचे, तेथे मालकाने गिऱ्हाइकाच्या कपड्यांकडे का पाहावे? त्याला तो अधिकार काय? आणि असलाच, तर तो कोठवर?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी बँकॉकला नको, आपल्याच माजघरात जाऊ. येथे बसलेल्यांपैकी ज्यांचे केस पिकले आहेत, त्यांना वाड्यातली जेवणाची पंगत आठवत असेल. बाहेरून आलेला माणूस तसाच पाटावर बसू शकत नसे. अंगरखा, सदरा उतरवायचा, हातपाय धुवायचे, सणावारी रेशमी मुकटा किंवा कद नेसायचा. लोकरीची धाबळीही सोवळ्याला चाले. सुती सोवळे धुऊन उंच वलाणीवर काठीने वाळत घातलेले असे. आणि एखाद्या नातवाचा हात त्याला लागला की आजीचा आवाज तिसऱ्या चौकापर्यंत पोचे. हे सोवळे म्हणजे पोशाखाचा दंडक नव्हे तर काय? लंडनच्या रिट्झ हॉटेलात दुपारच्या चहाला पुरुषांनी कोट आणि टाय घालून यावे, असा रिवाज चालत आलेला आहे. त्याला हसणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवावे की, तेथे खाण्यासाठी कोट चढवावा लागतो आणि आपल्याकडे तो उतरवावा लागे, एवढाच काय तो फरक. दोन्हीकडे सांगणे एकच : बाहेरचा माणूस बाहेर ठेव, आणि अन्नासमोर वेगळा होऊन बस.

पोशाखाच्या रिवाजात असा उलटसुलट प्रकार पदोपदी दिसतो. युरोपीय मनुष्य घरात शिरताना टोपी काढतो आणि बूट पायांत ठेवतो. आपण वहाणा दाराशी काढत असू आणि पागोटे डोक्यावर ठेवीत असू. एके काळी पुण्यात बोडक्या डोक्याने चारचौघांत जाणे असभ्य मानीत; ती सुतकाची खूण. म्हणजे एकाचा आदर तो दुसऱ्याचा अनादर. बँकॉकच्या दारवानाला आमच्या मित्राच्या चपलांत जो बेफिकीरपणा दिसला, तो आमच्या मित्रांच्या मनातही नव्हता. आणि त्याच शहरातील राजवाड्याच्या आवारात, जेथे पाचूच्या बुद्धाचे देवालय आहे, सकाळी हीच विजार घालून ते गेले असते, तर तेथेही अडचण आली असती. तेथे खांदे आणि पाय झाकलेले लागतात. रोमच्या सेंट पीटर्स या मोठ्या चर्चमध्येही खांदे व गुडघे झाकलेले नसतील तर प्रवेश मिळत नाही. तेव्हा हा केवळ बारवाल्यांचा नखरा नाही.

आता त्या दारावर वापरले जाणारे चार शब्द समजावून घेऊ, कारण अपमानाचे निम्मे प्रसंग शब्द न कळल्याने घडतात. निमंत्रणपत्रिकेवर किंवा हॉटेलच्या पत्रकात ‘व्हाइट टाय’ असे असेल, तर मागे लांब शेपटे असलेला काळा कोट व पांढरा बो असा सर्वांत कडक दरबारी थाट अपेक्षित आहे. आपल्यापैकी कोणाला त्याची गरज पडेल असे वाटत नाही. ‘ब्लॅक टाय’ म्हणजे काळा डिनर जॅकेट व काळा बो. ‘फॉर्मल’ किंवा ‘लाउंज सूट’ म्हणजे कोट, पँट, टाय. आणि प्रवाशाला पदोपदी भेटणारा चौथा शब्द म्हणजे ‘स्मार्ट कॅज्युअल’. हा शब्द फसवा आहे. त्यातल्या ‘कॅज्युअल’वर भरवसा ठेवून माणूस घरच्या कपड्यांत जातो आणि ‘स्मार्ट’वर येऊन आपटतो. त्याचा व्यवहारातला अर्थ असा : पुरुषांनी कॉलरचा सदरा, पायघोळ पँट आणि बोटे झाकणारे बूट घालावेत, अर्धी विजार, रबरी सपाता, बाह्या नसलेला बनियन, फाटकी जीन्स आणि खेळाचे कपडे नकोत. बँकॉकमधील लेबुआ हॉटेलच्या त्रेसष्टाव्या मजल्यावरील स्काय बारचा नियम साधारण याच धर्तीचा आहे. बायकांचे नियम बहुधा सैल असतात, आणि साडी तर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सगळीकडे शोभते. वहिनींना आत बोलावले गेले, ते उगाच नव्हे.

या शब्दांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. डिनर जॅकेट हा आज कडक औपचारिक पोशाख समजला जातो. परंतु १८६५ च्या सुमारास इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, आपल्या हेन्री पूल या शिंप्याकडून तो शिवून घेतला तो घरगुती जेवणाला, लांब शेपटांच्या कोटाचा जाच नको म्हणून. ‘लाउंज सूट’ हे नावच सांगते की तो आरामात लोळण्याचा वेष होता. म्हणजे आजोबांचा ढिला कपडा तो नातवाचा दरबारी पोशाख! न्यूयॉर्कच्या ‘ट्वेंटी-वन क्लब’ या नामांकित उपाहारगृहाने टायची सक्ती वर्षानुवर्षे चालविली आणि अखेर २००९ साली तीही सोडून दिली. पुढे २०२० साली ते उपाहारगृहच बंद झाले. तात्पर्य, या नियमांत शाश्वत असे काही नाही. काल केले, उद्या बदलतील. शाश्वत आहे ती त्यामागची यजमानाची इच्छा : माझ्या घरी येणाऱ्याने हा प्रसंग काही विशेष आहे असे मानून यावे. महागड्या उपाहारगृहात आपण अन्नाचे पैसे देतोच, पण त्याहून जास्त पैसे त्या वातावरणाचे देतो. आणि शेजारच्या टेबलावर बसलेले लोक हाही त्या वातावरणाचाच भाग असतो. आपण त्यांना पाहतो, तसे तेही आपल्याला पाहत असतात. येथवर यजमानाचा अधिकार मला मान्य आहे.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. ज्या सोवळ्याची मी आत्ता कौतुकाने आठवण काढली, त्याची दुसरी बाजूही आपण जाणतो. स्वच्छतेसाठी निघालेली ती रीत पुढे ‘तू कोण? कोणाचा? किती अंतरावर उभा राहणार?’ असे विचारू लागली. कपडा अन्नाचा मान राखण्यासाठी होता, तो माणसाची पायरी ठरविण्यासाठी वापरला जाऊ लागला. दारावरच्या पोशाखाच्या प्रत्येक नियमाला ही खोड जडण्याचा धोका असतो, आणि याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही.

इंग्रज सरकारचेच पाहा. एतद्देशीय माणसाने साहेबासमोर जोडे काढून जावे, असा त्यांचा आग्रह होता. १८५४ साली सरकारने ठराव केला, तो असा की, ज्याने युरोपीय पद्धतीचे बूट घातले असतील, त्याने ते पायांत ठेवून दरबारी प्रसंगी येण्यास हरकत नाही. म्हणजे विलायती बुटाला मान. देशी जोडा मात्र दाराबाहेर! पाय तेच, माणूस तोच. बदलला तो चांभार.

आणि आता आपल्या पुण्यातला प्रसंग. दिनांक २ मार्च १८८८. व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट त्या वेळी मुंबई इलाख्याच्या सैन्याचे सेनापती होते. त्यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात मेजवानी दिली. शहरातले यच्चयावत प्रतिष्ठित लोक जरीकाठी व दागदागिने घालून आले. आणि त्या झगमगाटात जोतीराव फुले आले ते डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी, अशा शेतकऱ्याच्या वेषात. दारावर त्यांना अडविण्यात आले व यजमानांनी मध्ये पडून त्यांना आत नेले, असे सांगतात. आत गेल्यावर त्यांनी ड्यूकसाहेबांना इंग्रजीत सांगितले, ते थोडक्यात असे की, येथे रत्ने लेवून बसलेल्या मंडळींवरून या देशाची परीक्षा करू नका. खरा देश खेड्यांत आहे, आणि त्याच्या शिक्षणाची काळजी आपल्या मातोश्रींनी घ्यावी.

श्रोतेहो, ध्यानात घ्या, जोतीरावांना चांगला पोशाख परवडत नव्हता असे नाही. ते ठेकेदारी केलेले, पुणे नगरपालिकेत सभासद म्हणून बसलेले गृहस्थ होते. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. त्यांनी तो वेष केला, तो मेजवानीचा अनादर म्हणून नव्हे. मेजवानीला जो बोलावला गेला नव्हता, त्याला ते आपल्या अंगावर घालून घेऊन आले होते.

योगायोग असा की, त्याच १८८८ सालच्या सप्टेंबरात मोहनदास गांधी नावाचा एक अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण लंडनला निघाला. तेथे हॉलबर्न नावाच्या बड्या उपाहारगृहात, सूप मांसाचे तर नाही ना, असे त्याने वाढप्याला बोलावून विचारू पाहिले, आणि या गावंढळपणाबद्दल त्याच्या मित्राने त्याला खडसावले. मग सभ्य व्हायचे म्हणून या तरुणाने बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा पोशाख शिवला, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, आणि रोज आरशासमोर दहा मिनिटे टाय बांधण्यात व भांग पाडण्यात घालविली. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत प्रांजळपणे लिहिले आहे. आणि हाच मनुष्य १९३१ च्या नोव्हेंबरात बकिंगहॅम राजवाड्यात बादशहाच्या भेटीला गेला, तो आपल्या आखूड पंचा व शालीनिशी. दार तेच, देश तोच. मधल्या त्रेचाळीस वर्षांत पाहुण्याला स्वतःची किंमत कळली होती.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, आपला वेष सोडणे म्हणजेच मान सोडणे. तसे नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पाय पुरते झाकले जात नाहीत, हे पाहून त्यांनी गुजराती धर्तीने साडी नेसण्यास आरंभ केला. हा बदल गोपाळरावांना रुचला नाही. परंतु बाईंनी विचारपूर्वक निर्णय घेतला होता. हवामानाला जे द्यायचे ते दिले आणि आपले जे राखायचे ते राखले. उलट १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉक्टर आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना काय सांगितले? ज्या नेसण्यावरून आणि ज्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ते टाकून द्या. लुगडे घोट्यापर्यंत नेसा. तेथे वेष बदलण्यातच मान होता. जोतीरावांनी शेतकऱ्याचा वेष चढविला आणि आंबेडकरांनी लादलेला वेष उतरवायला लावला. दोघांचे म्हणणे मात्र एकच होते. माणसाचे मोल त्याच्या कपड्यावरून ठरविण्याचा अधिकार दारवानाला नाही.

स्वातंत्र्यानंतर हे सारे संपले असेल, असे वाटते ना? जोतीरावांच्या त्या मेजवानीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, मुंबईच्या विलिंग्डन क्लबात चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना प्रवेश नाकारण्यात आला. कारण ते अनवाणी होते. हुसेन पंढरपुरात जन्मलेले. कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या मृत्यूनंतर, १९६४ सालापासून, आपण पादत्राणे सोडली असे ते सांगत. पंढरीच्या वाटेवर अनवाणी पाय पाहून लोक वाकतात. क्लबाच्या पायरीवर तेच पाय गुन्हा ठरले. पुढे जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंधामन यांना वेष्टी, म्हणजे आपले धोतरच, नेसले म्हणून चेन्नईतील एका क्लबाने परतविले. त्या राज्याच्या विधानसभेने त्याच वर्षी कायदा केला, आणि वेष्टीसारखा आपला पारंपरिक पोशाख नेसलेल्याला क्लबात किंवा सार्वजनिक ठिकाणी अडविणे हा तेथे दंड व कैदेस पात्र गुन्हा ठरला. २०२३ च्या डिसेंबरात जुहूच्या एका उपाहारगृहाने वेष्टी नेसल्यामुळे आपल्याला आत घेतले नाही, अशी एका तमिळ पाहुण्याने जाहीर तक्रार केली. आणि जुलै २०२४ मध्ये बंगळूरच्या एका मॉलमध्ये मुलाबरोबर सिनेमा पाहायला आलेल्या वृद्ध शेतकऱ्याला धोतर व फेटा पाहून दारात थांबविण्यात आले. सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवावयास लावला. परदेशातील प्रसंग कानावर येतात त्यांत बहुधा अर्धी विजार आणि चपला यांवरून माणूस अडलेला असतो. धोतरावरून अडलेल्याच्या या तिन्ही घटना मात्र आपल्याच देशातल्या आहेत.

मग योग्य नियम कोणता आणि अयोग्य कोणता, हे ओळखावे कसे? मी तीन कसोट्या सुचवितो. पहिली : नियम आधी सांगितलेला आहे काय? जो नियम दारात गेल्यावर कळतो, तो नियम नव्हे, सापळा. दुसरी : तो पाळणे येणाऱ्याच्या हाती आहे काय? देवालयाच्या दाराशी झाकण्यासाठी वस्त्र मिळते, कित्येक जुन्या उपाहारगृहांत विसरलेल्यासाठी कोट टांगून ठेवलेले असतात. अशा यजमानाला तुम्ही आत यायला हवे असता. जेथे केवळ नकार मिळतो, तेथे तुम्ही नको असता. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : पाहुण्याच्या स्वतःच्या देशात जो पोशाख मानाचा आहे, तो मानाचा धरला जातो काय? ॲस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीत राजघराण्याच्या विभागात पोशाखाचे नियम फार कडक असतात. परंतु परदेशी पाहुण्याने आपल्या देशाचा औपचारिक वेष करून यावे, अशी मुभा तेथे स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. विलायतेच्या राजाला जे कळते, ते आपल्या क्लबांना कळू नये, हे नवल नव्हे काय?

या कसोट्या आपणही आपल्याला लावून घेतल्या पाहिजेत. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने २०२५ च्या जानेवारीत भाविकांच्या पोशाखाचा नियम जाहीर केला. असे नियम ठिकठिकाणी होत आहेत. त्यांना सरसकट वाईट म्हणण्याचे कारण नाही. देवाच्या दारात नीटनेटके जावे, हे कोणाला अमान्य आहे? परंतु खेड्यातून एकाच जोडीनिशी आलेल्या माणसाला त्या दारात कसे वागविले जाते, यावर त्या नियमाची परीक्षा होईल.

आता प्रवासाला निघणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. सामानात एक पायघोळ पँट, एक कॉलरचा सदरा आणि बोटे झाकणारे बूट असावेत. एवढ्याने दहांपैकी नऊ दारे उघडतात. दहाव्यासाठी काळा बंद गळ्याचा कोट न्यावा. तो टायचा प्रश्न मिटवितो आणि आपल्या देशाचा औपचारिक पोशाख म्हणून ओळखला जातो. बायकांनी एक चांगली साडी व एक शाल घ्यावी. शाल खांदे झाकण्यासाठी चर्चमध्ये आणि वातानुकूलित दिवाणखान्यात, दोन्हीकडे उपयोगी. जागा राखून ठेवताना पोशाखाचा नियम विचारून घ्यावा. त्यात कमीपणा नाही. आपणही लग्नाला जाताना विचारतोच की, सीमांतपूजनाला काय नेसायचे? आणि धोतर नेसून जायचे असेल तर ते ठाम विचाराने, स्वच्छ धुतलेले, उत्तम कासोटा घालून नेसावे, आणि आपला हा औपचारिक वेष आहे असे आधीच कळवावे. तरीही कोणी नाही म्हटले, तर हुज्जत न घालता परत फिरावे. त्या रात्री गमावले ते त्या घराने.

आमच्या आळीतल्या मित्रांना मी हे सारे सांगितले. ऐकून घेऊन ते म्हणाले, “म्हणजे चूक माझीच होती तर.” मी म्हटले, चूक म्हणू नका, त्यांची रीत तुम्हांला ठाऊक नव्हती, एवढेच. त्यांनी हात जोडून सांगितले, वहिनींना मानाने बोलावले, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी बूट घालून गेला असता तर तुम्हांलाही तसेच बोलावले असते. जे दार बूट घालताच उघडते, त्याच्यावर रागावू नये. राग राखून ठेवावा तो, आपण काहीही घातले तरी न उघडणाऱ्या दारासाठी. आणि तसे एखादे दार आपल्या स्वतःच्या वाड्याला तर नाही ना, हे आज घरी गेल्यावर, कडी लावण्यापूर्वी, प्रत्येकाने एकदा पाहून घ्यावे.